शेकडेवारी आणि गुणोत्तराची शाब्दिक उदाहरणं: आकडेमोडीआधी काय ठरवायचं

सराव चाचणी संपली की एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘सूत्र पाठ होतं, आकडेमोडही बरोबर केली, तरी उत्तर चुकलं.’ अशा उमेदवारांचे रफ कागद तपासले तर गुणाकार-भागाकार खरोखरच बरोबर असतात. चूक त्याआधी झालेली असते. टक्के कशाचे काढायचे हे न ठरवताच पेन चाललेलं असतं. प्रश्न काढणाऱ्यालाही ही चूक ठाऊक असते. त्या चुकीच्या वाटेनं येणारं उत्तर तो पर्यायांत मुद्दाम ठेवतो, आणि आपलं उत्तर पर्यायांत दिसलं म्हणून आपण निश्चिंतपणे पुढे जातो.

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत 90 मिनिटांत 100 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत 90 मिनिटांत 75 प्रश्न, म्हणजे 72 सेकंद. बँकांच्या लिपिक पदाच्या पूर्वपरीक्षेत अंकगणिताचे 35 प्रश्न 20 मिनिटांत सोडवावे लागतात. तिथे एका प्रश्नाला जेमतेम 34 सेकंद मिळतात. एवढ्या वेळात तेच उदाहरण दोनदा करणं शक्य नसतं. त्यामुळे ते पहिल्याच वेळी ठरलेल्या क्रमानं करायची सवय लागली पाहिजे. तो क्रम पुढे दिला आहे.

## १. तयारी: अपूर्णांक तोंडपाठ हवेत

पाढे येतात, पण 37½% म्हणजे किती हे विचारल्यावर हात कागदाकडे जातो, अशी अनेकांची स्थिती असते. खालच्या जोड्या विचार न करता ओठांवर यायला हव्यात:

- 50% = 1/2, 33⅓% = 1/3, 25% = 1/4, 20% = 1/5
- 16⅔% = 1/6, 14²⁄₇% = 1/7, 12½% = 1/8, 11¹⁄₉% = 1/9
- 10% = 1/10, 9¹⁄₁₁% = 1/11, 8⅓% = 1/12, 6¼% = 1/16, 5% = 1/20, 4% = 1/25
- 66⅔% = 2/3, 75% = 3/4, 37½% = 3/8, 62½% = 5/8, 87½% = 7/8

यासोबत ‘पट’ मध्ये विचार करायची सवय लावा. 25% वाढ म्हणजे सव्वापट, 50% वाढ म्हणजे दीडपट, 25% घट म्हणजे पाऊणपट. हे शब्द आपण रोज बोलतो, मग कागदावर का वापरायचे नाहीत? 640 ची सव्वापट म्हणजे 640 आणि त्याचा पाव भाग 160, एकूण 800. इथे 125 ने गुणून 100 ने भागत बसण्यात वेळ घालवू नका.

सावधान: ‘ने वाढले’ आणि ‘झाले’ यांत मोठा फरक आहे. उत्पन्न 200% झाले म्हणजे दुप्पट. उत्पन्न 200% ने वाढले म्हणजे मूळ 100 अधिक 200, म्हणजे तिप्पट. तसंच एखादी रक्कम 20% ने कमी झाली तर 80 उरतात, आणि 20% वर आली तर फक्त 20 उरतात. हा ‘ने’ दिसला की त्याखाली रेघ मारा.

आणखी एक बारकावा. व्याजाचा दर 8% वरून 10% झाला. दरात किती टक्के वाढ झाली? बहुतेक जण 2% म्हणतात. पण 8 वर 2 वाढले, म्हणून वाढ 2/8, म्हणजे 25% आहे. दरातला फरक आणि दरातली शेकडा वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्नात यांपैकी काय विचारलं आहे ते नीट बघा.

## २. शेवटची ओळ आधी वाचा

उदाहरण सुरुवातीपासून वाचत आलात की सगळे आकडे डोक्यात गोळा होतात आणि नेमकं विचारलंय काय हे शेवटी कळतं. त्याऐवजी आधी शेवटची ओळ वाचा, जे विचारलं आहे ते रफ कागदावर दोन शब्दांत लिहा, आणि मग वर जा.

> साखरेचा दर 20% ने कमी झाल्यामुळे 400 रुपयांत 2 किलो साखर जास्त मिळते, तर साखरेचा मूळ दर काय होता?

कागदावर लिहा: ‘मूळ दर, रु./किलो’. आता सोडवू. 400 रुपयांचे 20% म्हणजे 80 रुपये वाचले. या 80 रुपयांत नव्या दराने 2 किलो साखर आली, म्हणून नवा दर 40 रुपये. घाईत असलेला उमेदवार इथेच थांबतो, कारण 40 हा पर्याय समोर असतोच. पण आपण कागदावर ‘मूळ’ लिहिलं आहे. 40 हे मूळ दराचे 80% आहेत, म्हणून मूळ दर 50 रुपये.

पडताळा: 400 रुपयांत 50 च्या दराने 8 किलो, 40 च्या दराने 10 किलो. फरक 2 किलो. जुळलं.

## ३. पाया शोधा: 100 कोणाला म्हणायचं

सगळ्यात जास्त गुण याच टप्प्यावर जातात, म्हणून इथे थोडं थांबू.

प्रत्येक टक्क्याच्या मागे एक पूर्ण राशी असते. तिला आपण 100 धरतो आणि तोच त्या टक्क्याचा पाया. मराठी प्रश्नात पाया ओळखायची चांगली सोय आहे: ‘च्या’, ‘पैकी’ किंवा ‘पेक्षा’ ज्या राशीला जोडलेलं असेल, ती राशी 100. ‘वैध मतांच्या 60%’ असेल तर वैध मतं 100. ‘मुलींपैकी 25%’ असेल तर मुली 100. ‘ब च्या पगारापेक्षा 25% ने जास्त’ असेल तर ब चा पगार 100.

> अ चा पगार ब च्या पगारापेक्षा 25% ने जास्त आहे, तर ब चा पगार अ च्या पगारापेक्षा किती टक्क्यांनी कमी आहे?

पहिल्या वाक्यात ‘पेक्षा’ ब ला लागलं आहे. म्हणून ब = 100 आणि अ = 125. प्रश्नात मात्र ‘पेक्षा’ अ ला लागलं आहे, म्हणजे पाया बदलला. फरक 25 च, पण तो आता 125 पैकी मोजायचा: 25/125 = 1/5 = 20%. उत्तर 25% लिहिणाऱ्याला गणित येत नाही असं नाही, त्यानं दुसरं ‘पेक्षा’ पाहिलंच नाही.

अपूर्णांक पाठ असतील तर हे तोंडी सुटतं. 1/4 ने जास्त, तर उलट 1/5 ने कमी. 1/5 ने कमी, तर उलट 1/4 ने जास्त. जास्तकडून कमीकडे जाताना छेद एकने वाढतो, कमीकडून जास्तकडे जाताना एकने घटतो. दर वाढला आणि खर्च तेवढाच ठेवायचा, तर वापर किती कमी करावा, या प्रश्नालाही हीच युक्ती चालते. दर 1/4 ने वाढला, तर वापर 1/5 ने, म्हणजे 20% ने कमी करावा लागेल.

काही प्रश्नांत पाया लिहिलेला नसतो. तो आपल्याला माहीत आहे असं गृहीत धरलेलं असतं:

- नफा किंवा तोटा: खरेदी किमतीवर.
- सूट: छापील किमतीवर.
- जीएसटी: सूट वजा केल्यानंतरच्या किमतीवर.
- सरळव्याज: मुद्दलावर. दसादशे 8 म्हणजे 100 रुपयांना वर्षाला 8 रुपये. मुदत महिन्यांत दिली असेल तर आधी तिचं वर्षांत रूपांतर करा.
- चक्रवाढव्याज आणि लोकसंख्येची वाढ: आदल्या वर्षाअखेर जमलेल्या राशीवर.
- वाढ किंवा घट: बदलापूर्वीच्या राशीवर.

प्रश्नातच वेगळं सांगितलं असेल, तर मात्र प्रश्न सांगेल तेच खरं. ‘विक्री किमतीवर 20% नफा’ असं असेल तर विक्री 100, खरेदी 80, आणि नेहमीच्या पद्धतीनं नफा 20/80 म्हणजे 25%.

पडताळा: पुढे जाण्याआधी प्रश्नातल्या प्रत्येक % चिन्हावर ‘कशाचे?’ याचं उत्तर एका शब्दात लिहा. एखाद्या चिन्हावर ते लिहिता आलं नाही, तर आकडेमोड सुरू करू नका. वाक्य पुन्हा वाचा.

## ४. साखळी लिहा, टक्क्यांची बेरीज करू नका

एका प्रश्नात दोन-तीन टक्के आले की पहिला मोह होतो तो त्यांची बेरीज-वजाबाकी करण्याचा. पाया एकच असेल तरच ती चालते. पाया बदलत असेल तर 100 पासून सुरू करून एकेक पायरी लिहीत जा.

> एका निवडणुकीत दोनच उमेदवार होते. यादीतील 10% मतदारांनी मतदान केले नाही. झालेल्या मतदानापैकी 10% मते अवैध ठरली. विजयी उमेदवाराला वैध मतांच्या 60% मते मिळाली व तो 1,620 मतांनी विजयी झाला. तर यादीत एकूण मतदार किती?

साखळी अशी:

यादी 100 → मतदान 90 → अवैध 9 → वैध 81

वैध मतांच्या 60% मतं विजेत्याला, तर 40% पराभूताला. फरक 20%, पण 81 चे 20%, म्हणजे 16.2.
16.2 भाग = 1,620 मतं, म्हणून 1 भाग = 100 मतं.
यादी 100 भाग = 10,000 मतदार.

आता चुकीची वाट बघा. 10% आणि 10% मिळून 20% गेले, वैध 80, त्याचे 20% म्हणजे 16. उत्तर 10,125. हा आकडा पर्यायांत असण्याची दाट शक्यता असते.

याच उदाहरणात एकच शब्द बदलून पाहा. ‘वैध मतांच्या 60%’ ऐवजी ‘झालेल्या मतदानाच्या 60%’ असं म्हटलं तर? आता 60% हे 90 चे, म्हणजे विजेत्याला 54. वैध 81 मधून पराभूताला उरले 27. फरक 27 भाग = 1,620, म्हणून 1 भाग = 60 आणि यादीत 6,000 मतदार. एका शब्दानं 10,000 चे 6,000 झाले. म्हणूनच शब्द न वाचता नुसते आकडे उचलण्याची सवय मोडायला हवी.

बाजारातलं उदाहरणही याच साखळीनं सुटतं.

> एक दुकानदार खरेदी किमतीपेक्षा 40% जास्त किंमत छापतो आणि छापील किमतीवर 15% सूट देतो. त्याला 380 रुपये नफा होतो, तर वस्तूची खरेदी किंमत किती?

खरेदी 100 → छापील 140 → सूट 21 (140 चे 15%) → विक्री 119. नफा 19 भाग = 380 रुपये, 1 भाग = 20 रुपये, खरेदी 2,000 रुपये. 40 मधून 15 वजा करून 25% नफा धरणाऱ्याला 1,520 मिळतात.

सावधान: लागोपाठच्या दोन बदलांसाठी ‘पहिला + दुसरा + गुणाकार भागिले 100’ हे सूत्र वापरता येतं, पण घट असेल तिथे वजा चिन्ह ठेवायला विसरू नका. 20% वाढ आणि मग 20% घट: 20 − 20 − 4, म्हणजे 4% घट. आधी घट आणि नंतर वाढ केली तरी 4% घटच. चिन्हांचा गोंधळ होत असेल तर सूत्र सोडा आणि साखळी लिहा. 100 → 120 → 96 लिहायला पाच सेकंद पुरतात.

## ५. दिलेली संख्या योग्य भागाशी जोडा

वरच्या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी होती: प्रश्नात दिलेली खरी संख्या (1,620 मतं, 380 रुपये) कोणत्या भागाची आहे ते ठरवलं आणि मग एका भागाची किंमत काढली. शाळेतली एकमान पद्धतच ही. चूक होते ती संख्या भलत्याच भागाशी जोडल्यामुळे. 380 नफ्याचे होते, विक्रीचे नव्हते.

> एका विद्यार्थ्याला 30% गुण मिळाले व तो 15 गुणांनी नापास झाला. दुसऱ्याला 40% गुण मिळाले, ते उत्तीर्ण होण्यासाठी लागणाऱ्या गुणांपेक्षा 35 ने जास्त होते. तर परीक्षा एकूण किती गुणांची?

इथे 15 आणि 35 उत्तीर्णतेच्या रेषेच्या दोन बाजूंना आहेत. म्हणून दोघांमधलं अंतर 15 + 35 = 50 गुण, आणि टक्क्यांत तेच अंतर 10%. 10% = 50, एकूण 500 गुण. दोघेही नापास असते, किंवा दोघेही पास असते, तर बेरजेऐवजी वजाबाकी झाली असती. एक आडवी रेघ ओढून तिच्या वर-खाली आकडे मांडले की बेरीज की वजाबाकी हे डोळ्यांना दिसतं.

पडताळा: 500 चे 30% = 150, अधिक 15 = 165. 500 चे 40% = 200, उणे 35 = 165. दोन्ही वाटांनी उत्तीर्णतेचे गुण एकच आले.

## ६. गुणोत्तर: क्रम, एकक, आणि ‘कशाशी’

गुणोत्तर लिहिण्याआधी तीन गोष्टी बघा.

क्रम. ‘मुली आणि मुलगे यांचे गुणोत्तर 5 : 3’ असेल तर 5 मुलींचे. प्रश्न वाचताना आकड्यांवर लगेच ‘मुली’, ‘मुलगे’ अशी नावं लिहा. बऱ्याच प्रश्नांत माहिती एका क्रमानं देऊन गुणोत्तर उलट्या क्रमानं विचारलेलं असतं.

एकक. 50 पैसे आणि 5 रुपये यांचं गुणोत्तर 10 : 1 नाही. 50 पैसे आणि 500 पैसे, म्हणून 1 : 10. दीड लिटर आणि 750 मिली, म्हणजे 1500 : 750 = 2 : 1.

कशाशी. भागाचं भागाशी, की भागाचं एकूणाशी? मुलगे : मुली = 3 : 5 एवढ्या एका गुणोत्तरातून कितीतरी वेगवेगळे टक्के निघतात:

- मुलगे एकूण विद्यार्थ्यांच्या 3/8, म्हणजे 37½%
- मुलगे मुलींच्या संख्येच्या 3/5, म्हणजे 60%
- मुलगे मुलींपेक्षा 2/5, म्हणजे 40% ने कमी
- मुली मुलग्यांपेक्षा 2/3, म्हणजे 66⅔% ने जास्त

हे सगळे आकडे पर्यायांत एकत्र आले तर योग्य तो कसा निवडाल? पुन्हा ‘च्या’ आणि ‘पेक्षा’ शोधून. गुणोत्तर आणि शेकडेवारी यांना दोन वेगळे धडे समजू नका. गुणोत्तरात 100 ऐवजी 3, 5 किंवा 8 भाग असतात, इतकाच फरक.

नाण्यांच्या उदाहरणात एक खास सापळा असतो.

> एका पिशवीत 1 रुपया, 2 रुपये व 5 रुपयांची नाणी 4 : 3 : 2 या प्रमाणात आहेत. एकूण रक्कम 400 रुपये असल्यास प्रत्येक प्रकारची नाणी किती?

4 : 3 : 2 हे नाण्यांच्या संख्येचं गुणोत्तर आहे आणि 400 ही रक्कम आहे. 400 ला 9 ने भागायला गेलात तर भाग पूर्ण जाणार नाही, आणि काहीतरी चुकलंय हे तिथेच कळेल. आधी रकमेचं गुणोत्तर काढा: 4×1, 3×2, 2×5, म्हणजे 4 : 6 : 10, एकूण 20 भाग. 1 भाग = 20. नाणी 80, 60 आणि 40. तपासा: 80 + 120 + 200 = 400.

भागीदारीतही असंच आहे. अ ने 40,000 रुपये वर्षभर गुंतवले, ब ने 60,000 रुपये 4 महिन्यांनी गुंतवले. नफा 2 : 3 मध्ये वाटायचा नाही. ब चे पैसे 8 महिने होते, 4 नव्हे. 40×12 = 480 आणि 60×8 = 480, म्हणून नफा निम्मा-निम्मा.

दोन गुणोत्तरं जोडताना सामाईक राशीचे भाग आधी समान करा. अ : ब = 2 : 3 आणि ब : क = 4 : 5 असेल, तर ब एकीकडे 3 आणि दुसरीकडे 4 आहे. दोन्हीकडे तो 12 करा: 8 : 12 आणि 12 : 15. म्हणून अ : ब : क = 8 : 12 : 15. तिघांत 7,000 रुपये वाटायचे असतील तर 35 भाग, 1 भाग 200, वाटे 1,600, 2,400 आणि 3,000.

सावधान: ‘अ ची दुप्पट = ब ची तिप्पट = क ची चौपट’ असं दिलं असेल तर गुणोत्तर 2 : 3 : 4 नाही. ज्याला कमी पटींनी गुणावं लागतं ती संख्या मोठी. 2, 3, 4 चा लसावि 12. त्याला अनुक्रमे भागलं की 6 : 4 : 3. ‘अ चे 20% = ब चे 30%’ याचं उत्तरही असंच 3 : 2 येतं.

## ७. काय बदललं नाही, ते आधी शोधा

वय, मिश्रण, उत्पन्न-खर्च यांची ‘आधी-नंतर’ उदाहरणं अनेकांना अवघड वाटतात. क्ष धरून समीकरण मांडलं की ती सुटतातच, पण वेळ जातो. त्याहून सोपी वाट म्हणजे जी राशी बदलली नाही ती शोधायची आणि दोन्ही गुणोत्तरांत तिचे भाग समान करायचे.

वयात दोघांमधला फरक बदलत नाही.

> वडील व मुलगा यांच्या वयांचे गुणोत्तर 7 : 3 आहे. 5 वर्षांनी ते 2 : 1 होईल. तर त्यांची आजची वये काढा.

7 : 3 मध्ये फरक 4 भाग. 2 : 1 मध्ये फरक 1 भाग, म्हणून त्याला 4 ने गुणून 8 : 4 करा. आता दोन्हीकडे फरक 4. वडील 7 वरून 8, मुलगा 3 वरून 4. वाढ 1 भाग = 5 वर्षं. आजची वयं 35 आणि 15. पाच वर्षांनी 40 आणि 20, गुणोत्तर 2 : 1.

मिश्रणात पाणी घातलं तर दूध बदलत नाही. 40 लिटर मिश्रणात दूध : पाणी = 7 : 1, ते 5 : 1 करायचं आहे. दूध 35 लिटर, पाणी 5. पहिलं गुणोत्तर 35 : 5, दुसरं 35 : 7. म्हणून 2 लिटर पाणी घालायचं. पण मिश्रणच काढून त्याजागी पाणी घातलं तर दूधही कमी होतं. 3 : 1 च्या 40 लिटर मिश्रणातून 8 लिटर काढलं तर उरलेल्या 32 लिटरमध्ये प्रमाण 3 : 1 च राहतं, म्हणजे 24 आणि 8. वर 8 लिटर पाणी घातलं की 24 : 16 = 3 : 2. ‘घातले’ आणि ‘काढून घातले’ यांतला फरक न पाहता सोडवलेली मिश्रणाची उदाहरणं हमखास चुकतात.

सुकण्याच्या प्रश्नात पाणी उडून जातं, पण घन भाग तेवढाच राहतो. द्राक्षांचे बेदाणे घ्या. ताज्या द्राक्षांत 80% पाणी आणि बेदाण्यात 20% पाणी असेल, तर 20 किलो बेदाण्यांसाठी किती द्राक्षं लागतील? पाण्याच्या मागे लागू नका. बेदाण्यात घन भाग 80%, म्हणजे 16 किलो. हेच 16 किलो ताज्या द्राक्षांत 20% होते. म्हणून द्राक्षं 80 किलो. इथे 80% दोनदा आणि 20% दोनदा आलं, आणि प्रत्येक वेळी पाया वेगळा होता: एकदा द्राक्षांचं वजन, एकदा बेदाण्यांचं.

उत्पन्न-खर्चात दोघांची बचत समान असेल तर उत्पन्नातला फरक आणि खर्चातला फरक सारखाच असतो.

> अ व ब यांच्या उत्पन्नांचे गुणोत्तर 5 : 4, खर्चांचे 7 : 5, आणि प्रत्येकाची बचत 9,000 रुपये. उत्पन्ने काढा.

उत्पन्नात फरक 1 भाग, खर्चात 2 भाग. उत्पन्नाचं गुणोत्तर दुप्पट करा: 10 : 8. आता भाग एकाच मापाचे झाले. अ ची बचत 10 − 7 = 3 भाग = 9,000. 1 भाग 3,000, उत्पन्नं 30,000 आणि 24,000. फरक समान न करता थेट 5 मधून 7 वजा करायला गेलात तर उत्तर उणे येतं. दोन वेगळ्या गुणोत्तरांतले भाग सारख्याच मापाचे असतात असं कधीही धरू नका.

## ८. उत्तर पर्यायात दिसलं तरी तपासा

उत्तर प्रश्नात परत घालून बघणं ही सगळ्यात खात्रीची तपासणी. उत्तरापासून सुरू केलेली साखळी सरळ आकड्यांनी चालते, म्हणून दहा-पंधरा सेकंदांत होते.

वेळ अगदीच कमी असेल तर पर्याय वापरा. माणसं, झाडं, नाणी यांची संख्या पूर्णच असते. एका वर्गात मुली आणि मुलगे 5 : 4 प्रमाणात असतील तर एकूण संख्येला 9 ने भाग जायलाच हवा. 52, 63, 70, 76 या पर्यायांत फक्त 63 उरतो. हे लिटर, किलो किंवा रुपयांना लावू नका, तिथे अपूर्णांक येऊ शकतात.

चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात का, हेही पेपरला बसण्याआधी माहीत हवं. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत ते कापले जात नाहीत, तर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या वस्तुनिष्ठ परीक्षांत एका चुकीच्या उत्तरामागे एक चतुर्थांश गुण जातात. आयोगाच्या पेपरात पाया नक्की ठरला नसेल तर तो प्रश्न खूण करून पुढे न्या.

सराव करताना चुकलेल्या प्रत्येक उदाहरणापुढे कारण एका शब्दात लिहा: ‘पाया’, ‘शेवटची ओळ’, ‘क्रम’, ‘एकक’ किंवा ‘आकडेमोड’. नुसतं बरोबर उत्तर उतरवून घेण्याचा काही उपयोग नाही. महिनाभरात कोणता शब्द जास्त वेळा आला ते दिसेल, आणि पुढचा सराव त्याच टप्प्याचा करायचा.

## सरावासाठी तीन उदाहरणं

1. पेट्रोलचा दर 25% ने वाढला. एका कुटुंबाला पेट्रोलवरचा खर्च फक्त 10% ने वाढू द्यायचा आहे. वापर किती टक्क्यांनी कमी करावा लागेल?
2. एका शाळेत मुलगे व मुली यांचे गुणोत्तर 3 : 2 आहे. मुलग्यांपैकी 20% व मुलींपैकी 25% विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते. शिष्यवृत्ती न मिळणारे विद्यार्थी एकूण विद्यार्थ्यांच्या किती टक्के?
3. दोन संख्यांचे गुणोत्तर 3 : 4 असून त्यांचा लसावि 180 आहे. त्या संख्यांची बेरीज किती?

उत्तरं: (1) 12%. खर्च 110, दर 125, म्हणून वापर 110/125 = 88%. 25 मधून 10 वजा करून 15 लिहिलं असेल तर टप्पा ४ पुन्हा वाचा. (2) 78%. मुलगे 60 धरले तर 12, मुली 40 तर 10. शिष्यवृत्ती मिळणारे 22. उत्तर 77½ आलं असेल तर तुम्ही दोन टक्क्यांची सरासरी काढली, पण मुलगे आणि मुली संख्येनं सारखे नाहीत. (3) 105. संख्या 3 भाग आणि 4 भाग, लसावि 12 भाग = 180, 1 भाग = 15; संख्या 45 आणि 60. 180 ला 7 ने भागायला गेला असाल तर टप्पा ५ बघा: 180 ही लसाविची किंमत आहे, बेरजेची नाही.